जुन्या कागदावरचा 'वायव्य प्रांत' नेमका कुठला, आणि त्याचे कागद आज कुठे मिळतील?

प्रश्न थोडक्यात असा. घरच्या जुन्या पेटीत एक उर्दू कागद निघाला आहे. जाणकाराकडून वाचून घेतल्यावर त्यातलं इतकं कळलं: 'ममालिक-ए-मगरिबी व शुमाली', जिल्हा झाशी, परगणा गरौठा, सन १२७८ फसली, जमीन १२ बिघे १० बिस्वे, आणि पुढे वेगळ्या ओळीत अडीच बिस्वे हक्कियत. सोबतच्या पाकिटावर इंग्रजीत एन.डब्ल्यू.पी. ही अक्षरं आहेत. हा पेशावरकडचा सरहद्द प्रांत का? असेल तर झाशी त्यात कशी? आणि पुढचे कागद कुठे शोधायचे?

पेशावर आधी डोक्यातून काढून टाका. पेशावरचा वायव्य सरहद्द प्रांत लॉर्ड कर्झननं नोव्हेंबर १९०१ मध्ये पंजाबातून वेगळा काढला. त्याआधी पेशावर पंजाब सरकारच्या हाताखाली होतं. त्यामुळे १९०१ च्या आधीच्या कोणत्याही कागदावर एन.डब्ल्यू.पी. (नॉर्थ-वेस्टर्न प्रॉव्हिन्सेस, म्हणजे वायव्य प्रांत) असेल, तर तो कागद गंगा-यमुनेच्या मुलखातला आहे, म्हणजे ढोबळमानानं आजच्या उत्तर प्रदेशातला. हा प्रांत १८३६ ते १९०२ या काळात होता. 'वायव्य' ही दिशा कलकत्त्याहून पाहून ठरवलेली. नवा सरहद्द प्रांत निघाल्यावर दोन नावांचा घोळ होऊ लागला, म्हणून मार्च १९०२ मध्ये जुन्याचं नाव 'आग्रा व अवधचे संयुक्त प्रांत' असं बदललं. उर्दू कागदात जुन्या प्रांताला 'ममालिक-ए-मगरिबी व शुमाली' म्हणतात, हिंदीत 'पश्चिमोत्तर प्रदेश' किंवा 'पश्चिमोत्तर देश'. सरहद्द प्रांताच्या उर्दू नावात 'सरहद' हा शब्द येतो. तुमच्या कागदात तो नाही.

पण 'उत्तर प्रदेश' एवढं उत्तर पुरत नाही, आणि बहुतेकांचा शोध इथेच चुकतो. या प्रांताची हद्द सहासष्ट वर्षांत इतक्यांदा हलली की एकच गाव तीस वर्षांच्या अंतरानं तीन वेगळ्या सरकारांच्या दप्तरात सापडतं. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी सालाचा हिशेब, मग त्या सालचा जिल्हा आणि परगणा, आणि मगच आजचा नकाशा. आजच्या नकाशापासून मागे जायला निघालेला माणूस हमखास चुकीच्या दप्तरखान्यात पोचतो.

हा प्रांत थरावर थर चढून तयार झाला, आणि त्यातले निम्मे थर मराठ्यांच्या हातून गेलेल्या मुलखाचे आहेत. बनारसचा मुलूख १७७५ साली अवधच्या नवाबाकडून कंपनीकडे आला. १७९५ मध्ये तिथे बंगालसारखा कायमधारा (सारा एकदाच कायमचा ठरवण्याची पद्धत) लागू झाला. ते काम रेसिडेंट जोनाथन डंकननं केलं, आणि तोच त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर होऊन इकडे आला. दुसरा थर १८०१ चा. नवाब सआदत अली खानाला लखनौच्या तहात जवळजवळ निम्मं राज्य सोडावं लागलं: रोहिलखंड, गोरखपूर, अलाहाबाद, कानपूर, इटावा. त्या मुलखाचा वसूल १ कोटी ३५ लाख रुपये धरला होता.

तिसरा थर आपल्याला जवळचा. १८०३ च्या युद्धात इंग्रज सेनापती लेकनं ४ सप्टेंबरला अलीगड घेतलं, ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई जिंकली, ऑक्टोबरात आग्रा पडलं आणि १ नोव्हेंबरला लासवारीला शिंद्यांची कवायती फौज मोडली. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला तह झाला (हे अंजनगाव म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं अंजनगाव सुर्जी), आणि दौलतराव शिंद्यांनी गंगा-यमुनेमधला अंतर्वेद, दिल्ली आणि आग्रा सोडलं. त्याच महिन्यात पेशव्यांनी वसईच्या तहाला पुरवणी जोडून बुंदेलखंडातला सुमारे ३६ लाखांच्या वसुलाचा मुलूख दिला. कंपनीच्या कागदांत १८०१ आणि १८०३ चे हे दोन थर मिळून 'दिलेले आणि जिंकलेले प्रांत' असं नाव येतं. १८०५ ते १८३४ मधल्या इंग्रजी कागदांत तुम्हाला 'वायव्य प्रांत' दिसणारच नाही. तिथे हे नाव किंवा 'अप्पर प्रॉव्हिन्सेस' किंवा 'वेस्टर्न प्रॉव्हिन्सेस' असं शोधावं लागतं. सूचीत एकच नाव घालून काही मिळत नाही म्हणून शोध सोडून देणारे बरेच असतात, त्यामागचं कारण हेच.

पुढे गुरख्यांशी झालेल्या युद्धानंतर १८१५-१६ मध्ये कुमाऊं, डेहराडून आणि गढवालचा काही भाग आला. १८१७-१८ मध्ये पेशव्यांकडून सागर, नागपूरकर भोसल्यांकडून नर्मदेकाठचे जिल्हे आणि शिंद्यांकडून अजमेर आलं. १८३३ च्या सनदी कायद्यानं बंगाल इलाख्याचे दोन तुकडे करून आग्र्याचा स्वतंत्र इलाखा करायचं ठरवलं. नोव्हेंबर १८३४ मध्ये चार्ल्स मेटकाफ त्याचा गव्हर्नर झाला, पण पुढच्याच वर्षी लंडनहून कायदा करून बेत स्थगित केला, आणि १८३६ पासून मेटकाफच लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून आग्र्याला बसला. 'आग्रा इलाखा' असा शिक्का असलेला कागद म्हणूनच जवळजवळ नक्की १८३४ ते १८३६ मधला. तारीख फाटलेल्या कागदाला ही खूण फार उपयोगी पडते.

आता मुलूख बाहेर जाण्याचा भाग. १८५७ मध्ये हा प्रांत सरकारच्या हातून जवळजवळ पूर्ण निसटला होता. मीरत याच प्रांतातलं, कानपूर याच प्रांतातलं, झाशीही याच प्रांतातली. लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्विन आग्र्याच्या किल्ल्यात अडकून पडला आणि ९ सप्टेंबर १८५७ ला तिथेच वारला. त्याची कबर दिवाण-ए-आमपुढे आहे. बंड मोडल्यावर १८५८ मध्ये दिल्ली आणि तिच्या पश्चिमेचे हिस्सार, रोहतक, गुडगाव, पानिपत हे जिल्हे पंजाबला जोडले, आणि राजधानी आग्र्याहून अलाहाबादला हलवली. १८६१ मध्ये सागर-नर्मदा मुलूख नागपूरला जोडून मध्य प्रांत झाला. १८७१ मध्ये अजमेर-मेरवाडा वेगळा झाला. उलट १८७७ मध्ये अवधचा कारभार याच लेफ्टनंट गव्हर्नरकडे आला आणि प्रांताचं नाव 'वायव्य प्रांत व अवध' झालं. पाकिटावर किंवा शिक्क्यावर 'अँड औध' हे शब्द असतील तर कागद १८७७ नंतरचा आणि १९०२ आधीचा.

सागरची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण मराठी घराण्यांचे कागद तिथे फार आहेत आणि त्यांची शोधाशोध सर्वांत जास्त भरकटते. सागर हे गोविंदपंत बुंदेल्यांच्या वंशाचं ठाणं. १८१८ नंतर सागर-नर्मदा मुलखाचा कारभार गव्हर्नर जनरलच्या एजंटाकडे होता. १८३५ मध्ये तो आग्र्याच्या नव्या प्रांतात घातला. १८४२ मध्ये बुंदेल्यांचा उठाव झाला, आणि त्यानंतर पुन्हा एजंटाकडे दिला. १८५३ मध्ये परत वायव्य प्रांतात. १८६१ मध्ये मध्य प्रांतात. यात सागर, दमोह, जबलपूर, मंडला, शिवणी, नरसिंहपूर, होशंगाबाद आणि बैतूल हे जिल्हे येतात. म्हणजे १८४० चा सागरचा कागद आग्र्याच्या दप्तराचा, १८४६ चा एजंटाच्या दप्तराचा, १८५५ चा पुन्हा आग्र्याचा, आणि १८६५ चा नागपूरचा. जमिनीच्या नोंदी मात्र या प्रत्येक बदलात जिल्ह्याच्या ठिकाणीच राहिल्या. प्रांत बदलला की वरचा पत्रव्यवहार बदलतो, खालचा खसरा (गावातल्या शेतांची यादी) जागचा हलत नाही. म्हणून सागरच्या जमिनीसाठी लखनौला जाऊन उपयोग नाही. आधी सागरचं जिल्हा दप्तर, मग भोपाळ आणि नागपूर.

झाशीचंही तसंच, फक्त गुंता आणखी बारीक. गंगाधररावांचं निधन २१ नोव्हेंबर १८५३ ला झालं, १८५४ मध्ये संस्थान खालसा होऊन वायव्य प्रांतात आलं. त्याआधी १८४० मध्ये जालौनचं मराठी संस्थान असंच गेलं होतं. पण १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशी शहर आणि किल्ला ग्वाल्हेरच्या शिंद्यांना दिला, आणि पश्चिमेकडचे करेरा-पिछोरसारखे परगणेही दिले. इंग्रजांचं जिल्ह्याचं ठाणं तटाबाहेर राहिलं, त्याला कागदोपत्री 'झाशी नौआबाद' म्हणत. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत देऊन त्या बदल्यात झाशी शहर इंग्रजांनी परत घेतलं. करेरा-पिछोर मात्र ग्वाल्हेरकडेच राहिले आणि आज मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात आहेत. यावरून कामाचा नियम निघतो: १८६१ ते १८८६ या पंचवीस वर्षांतला कागद तटबंदीच्या आतल्या घराचा असेल तर तो ग्वाल्हेर दरबारचा, त्याचा शोध ग्वाल्हेरच्या दप्तरात, आणि जिल्ह्यातल्या इतर परगण्यांतल्या जमिनीचा असेल तर इंग्रजी जिल्ह्याचा. गरौठा इंग्रजांकडेच होतं. गुरसरायच्या मराठी राजांची जागीर याच भागातली, त्यामुळे या टापूत मराठी आडनावाच्या हक्कदाराची नोंद सापडणं अगदी स्वाभाविक आहे.

आता तुमच्या कागदावरचं साल. फसली हा पिकांच्या हंगामावर बांधलेला महसुली सन. १२७८ फसली बघून आपल्याकडचा माणूस सवयीनं दख्खनी फसलीचा हिशेब करतो: १२७८ मध्ये ५९० मिळवले की १८६८-६९. हे चूक आहे. उत्तरेकडच्या फसलीत ५९२ मिळवायचे, आणि जानेवारीनंतरची तारीख असेल तर ५९३. उत्तरेचं फसली वर्ष तेव्हा कुवार म्हणजे आश्विनात सुरू होई (पुढे ते १ जुलैला सुरू होऊ लागलं). म्हणून १२७८ फसली म्हणजे सप्टेंबर १८७० ते सप्टेंबर १८७१. दख्खनी आणि उत्तरी फसलीत असा जवळजवळ दोन वर्षांचा फरक पडतो. पडताळा घ्यायचा असेल तर १३५६ फसली घ्या. उत्तर प्रदेशातल्या जमीनदारी निर्मूलनाच्या खटल्यांत हे साल सतत येतं, आणि ते जुलै १९४८ ते जून १९४९ आहे. मराठी कागदांतल्या शुहूर सनाची सवय असेल तर तिकडे आणखी जपा, तिथे ५९९ किंवा ६०० मिळवतात. आकडा सारखा दिसला तरी सात वर्षांची चूक होते.

तिथीतही एक खाच आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुक्ल पक्षाचं नाव दोन्हीकडे सारखंच, पण कृष्ण पक्षात उत्तरेचा महिना आपल्यापेक्षा एकानं पुढे असतो. गोकुळाष्टमी आपण श्रावण वद्य अष्टमीला करतो, तोच दिवस काशीच्या पंचांगात भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणून येतो. मराठी घराण्यांच्या कागदांत हे विशेष तापदायक, कारण झाशी-सागरकडचे मोडी कागद आपल्या पद्धतीनं तिथी देतात आणि त्याच घरातला कचेरीचा हिंदी किंवा उर्दू कागद तिकडच्या पद्धतीनं. दोन्हींत 'भाद्रपद वद्य' असेल तर तो एकच महिना असं समजू नका. शक्य असेल तिथे वार पाहून ताळा करा; वार सहसा चुकत नाही.

जमिनीच्या मापाकडे येऊ. सरकारी पक्का बिघा म्हणजे ६० इलाही गज चौरस. गज ३३ इंचांचा धरला होता, म्हणजे बाजू ५५ यार्ड आणि क्षेत्र ३०२५ चौरस यार्ड. हे एकराच्या पाच अष्टमांश, म्हणजे आपल्या मापानं बरोबर २५ गुंठे. एका बिघ्याचे २० बिस्वे, त्यामुळे एक बिस्वा सव्वा गुंठ्याचा. या हिशेबानं तुमचे १२ बिघे १० बिस्वे म्हणजे साडेबारा गुणिले २५, ३१२.५ गुंठे, अर्थात ७ एकर ३२.५ गुंठे. पण हा हिशेब तेव्हाच खरा जेव्हा कागदात बिघ्यापुढे 'पुख्ता' लिहिलेलं असेल. 'खाम' असेल तर तो कच्चा बिघा. तो गावागणिक वेगळा, बऱ्याच ठिकाणी पक्क्याच्या निम्म्याहून कमी. बुंदेलखंडात स्थानिक बिघे फार निरनिराळे होते, आणि सरकारी बंदोबस्ताच्या (जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामाच्या) कागदांत एकरांची नोंद वेगळी असते. म्हणून मूळ कागदाच्या वाचकाला एवढं मुद्दाम विचारा: आकड्याच्या आधी किंवा नंतर पुख्ता किंवा खाम आहे का? आकडे बहुधा 'रकम' नावाच्या सांकेतिक लिपीत असतात, ते उर्दू येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येत नाहीत. रकम वाचणारा निवृत्त कानूनगो (जमिनीच्या नोंदी पाहणारा महसुली कामगार) किंवा जुना दस्तलेखक शोधणं श्रेयस्कर. घाईत वाचलेल्या रकमेत बिघ्यांचे बिस्वे आणि रुपयांचे आणे अदलाबदल होऊन जातात.

आणि ती 'अडीच बिस्वे हक्कियत'. ही या कागदातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ आहे आणि तिचाच सर्रास गैरसमज होतो. इथे बिस्वा हे जमिनीचं माप नाही. या प्रांतात अख्ख्या महालाची (महाल म्हणजे वाडा नव्हे, सारा एकत्र ठरवलेला जमिनीचा गट) मालकी २० बिस्वे धरून हिस्से मांडत, जशी आपण सोळा आण्यांत मांडतो. अडीच बिस्वे म्हणजे विसात अडीच, अर्थात एक अष्टमांश, आपल्या भाषेत दोन आणे. म्हणजे १२ बिघे १० बिस्वे ही बहुधा स्वतःच्या ताब्यातली जमीन, आणि त्यापलीकडे त्या महालाच्या मालकीत एक अष्टमांश वाटा. पाणथळ, गायरान, बाग, तलाव, सामायिक जमीन, सगळ्यांत हा वाटा पोचतो आणि महसूल भरायची जबाबदारीही त्याच प्रमाणात येते. या ओळीचा अर्थ अडीच बिस्वे जमीन असा घेतला तर सव्वातीन गुंठेही भरत नाहीत, आणि घराण्याचा सारा दर्जाच चुकीचा वाचला जातो.

ही पद्धत या प्रांताची खास ओळख आहे, तिला महालवारी म्हणतात. मुंबई इलाख्यात सरकार थेट रयतेशी बोले, बंगालात जमीनदाराशी. इथे गावाशी किंवा महालाशी, आणि आतले वाटेकरी एकत्रित जबाबदार. होल्ट मॅकेंझीच्या टिपणावरून १८२२ चा सातवा रेग्युलेशन निघाला. तो इतक्या बारीक चौकशीवर उभा होता की दहा वर्षांत काम फारसं पुढे सरकलं नाही. प्रत्येक शेताचं उत्पन्न, खर्च, खंड मोजत बसायचं, आणि वर सरकारचा हिस्सा निव्वळ उत्पन्नाच्या ऐंशी टक्क्यांच्या घरात. मोजणी रखडायची आणि वसूल डोईजड व्हायचा. मग १८३३ च्या नवव्या रेग्युलेशननं कामाची दिशा उलटवली: आधी मोठ्या टापूचा एकूण सारा ठरवायचा, मग तो गावांवर वाटायचा. रॉबर्ट बर्डनं ते काम चालवलं, जेम्स थॉमसननं (१८४३ ते १८५३ लेफ्टनंट गव्हर्नर) पुरं केलं. मुदत साधारण ३० वर्षं. सरकारचा हिस्सा दोन तृतीयांशावर आणला, आणि १८५५ च्या सहारनपूर नियमांनी निम्म्यावर. तरीही बुंदेलखंडात सारा पेलला नाही. जमीन पातळ, पाऊस बेभरवशी, कांस गवत एकदा शिरलं की नांगर चालत नाही, आणि सारा मात्र बऱ्या वर्षांचा अंदाज धरून बसवलेला. बांदा, हमीरपूर, झाशीकडे गावंच्या गावं थकबाकीत लिलावात निघाली. जुन्या मालकांची नावं १८४० ते १८७० च्या दरम्यान एकाएकी नाहीशी होतात, त्यामागे अनेकदा हेच असतं.

बंदोबस्ताच्या मिसलीत (कागदांच्या फाइलीत) काय काय असतं ते समजून घ्या, कारण नक्कल मागताना नाव घेऊनच मागावं लागतं. शजरा म्हणजे गावाचा शेतवार नकाशा. खसरा म्हणजे त्या नकाशातल्या प्रत्येक शेतनंबराची यादी: क्षेत्र, पीक, माती, कसणारा. खतौनीत हीच माहिती कसणाऱ्याच्या नावावर एकत्र केलेली असते. खेवट म्हणजे मालकांची आणि त्यांच्या हिश्श्यांची यादी; तुमची अडीच बिस्व्यांची ओळ ज्या नोंदीवरून आली ती इथे. आणि वाजिब-उल-अर्ज म्हणजे त्या गावाच्या रूढींचा कबुलीजबाब: हिस्सा विकताना पहिला हक्क कोणाचा, विधवेला काय, विहिरीचं पाणी कोणी घ्यायचं, आंब्याची बाग कोणाची. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांनी खेवट आणि वाजिब-उल-अर्ज आधी मागावेत. बहुतेक जण खतौनीवर थांबतात, आणि खतौनीत फार तर कसणाऱ्यांची नावं मिळतात. खेवटात मात्र वाटेकऱ्यांची नावं बापाच्या नावासह येतात, आणि हिस्से कसे वाटले गेले यावरून दोन-तीन पिढ्यांचा वंशवृक्ष सरळ मांडता येतो. अडीच बिस्वे म्हणजे कोणाच्या तरी पाच बिस्व्यांचे दोन भाग झाले असण्याची शक्यता मोठी. पाच बिस्वेवाला दुसरा भाऊबंद त्याच पानावर शोधा.

एका गावात अनेक महाल असू शकतात आणि एक महाल अनेक गावांत पसरलेला असू शकतो. मौजा आणि महाल हे दोन शब्द एकच समजून अर्ज केला की कारकून अर्ज परत करतो किंवा भलत्याच महालाची नक्कल काढून देतो. दोन्ही नावं द्या.

बनारसकडच्या मराठी घरांना वेगळी सूचना. बनारस, जौनपूर, गाझीपूर, बलिया आणि मिर्झापूरचा काही भाग कायमधाऱ्यात होता. तिथे दर ३० वर्षांनी नव्यानं सारा ठरवायचं कारण नव्हतं, म्हणून बंदोबस्ताच्या मिसलींची अशी नियमित साखळी मिळत नाही. तिथे खरेदीखतं, दिवाणी खटले आणि देवस्थानांची, घाटांची दानपत्रं यांवर जास्त भिस्त ठेवावी लागते. जिल्ह्यांच्या फाळण्याही पाहा: आजमगड १८३२ मध्ये झाला, गोरखपुरातून बस्ती १८६५ मध्ये निघाला, बलिया १८७९ मध्ये. ललितपूर १८९१ मध्ये झाशीत विलीन झाला आणि १९७४ मध्ये पुन्हा वेगळा. करवी-चित्रकूट तेव्हा बांद्यात होतं, आज चित्रकूट स्वतंत्र जिल्हा आहे.

करवीचा उल्लेख आलाच आहे तर: अमृतराव पेशवे १८०३ नंतर ७ लाखांच्या पेन्शनीवर तिथेच राहिले. बांद्याला मस्तानीच्या वंशातले नवाब होते. १८५८ मध्ये इंग्रज सेनापती व्हिटलॉकच्या फौजेनं दोन्ही ठिकाणची संपत्ती घेतली, आणि त्या लुटीत कोणत्या पलटणीचा किती वाटा यावर लंडनच्या ॲडमिरल्टी कोर्टात दावा चालला. निकाल १८६६ चा. करवीच्या पेशव्यांच्या आश्रयाला असलेल्या घराण्यांना आपल्या कागदांत १८५८ नंतर एकदम खंड का पडतो हे यावरून कळेल. बिठूरचंही तेच. दुसरे बाजीराव २८ जानेवारी १८५१ ला वारले, पेन्शन थांबली, आणि १८५७ नंतर नानासाहेबांची मिळकत जप्त झाली. बिठूरच्या आश्रित घराण्यांच्या जमिनी अनेकदा या जप्तीत गेल्या आणि सरकारशी इमान राखणाऱ्यांना इनाम मिळाल्या. अशा वेळी जमिनीच्या नोंदीत पूर्वज सापडत नसतील, तर जप्तीच्या यादीत पाहा. तिथे माणूस 'बागी' म्हणून नोंदलेला असतो, पण बापाचं नाव, गाव आणि मालमत्ता तपशिलात मिळते.

१८५७ च्या आधीचे जिल्ह्याचे कागद कानपूर, झाशी, बांदा या पट्ट्यात बरेचसे जळून गेले आहेत. १८५६ च्या आधीची खेवट मागून 'उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर ते बहुधा खरंच असतं, कारकुनाचा आळस नसतो. त्या काळासाठी वरचा पत्रव्यवहार शोधावा: जिल्ह्यातून महसूल बोर्डाकडे आणि बोर्डाकडून सरकारकडे गेलेल्या प्रती. त्या लखनौच्या राज्य अभिलेखागारात, त्याच्या अलाहाबाद आणि बनारसच्या शाखांत, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनला इंडिया ऑफिसच्या दप्तरात विखुरलेल्या आहेत. खालसा होण्याआधीच्या झाशीसाठी आणि पेशवाईतल्या बुंदेलखंडासाठी पुण्याचं पेशवे दप्तर विसरू नका. ते मोडीत आहे, आणि घरबसल्या नव्हे तरी जवळच आहे.

कागद कोणत्या भागातला हे आणखी एका गोष्टीवरून ताडता येतं: सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा. नेहमीच्या जिल्ह्यांत कलेक्टर असे. कुमाऊं, अवध आणि त्या काळातली झाशी इथे डेप्युटी कमिशनर असे. १८७०-७१ च्या झाशीच्या कागदावर कलेक्टरची सही असेल तर जिल्ह्याचं नाव पुन्हा वाचून घ्या. खटल्यांच्या बाबतीत, या प्रांताचं हायकोर्ट १८६६ मध्ये आग्र्याला सुरू झालं आणि १८६९ मध्ये अलाहाबादला गेलं. त्याआधी सदर दिवाणी अदालत. अवधची अपिलं मात्र लखनौच्या ज्युडिशियल कमिशनरकडे जात, १८७७ नंतरही. लखनौ किंवा फैजाबादचा खटला अलाहाबादच्या जुन्या सूचीत मिळणार नाही.

लिपीबद्दल एक खुलासा, कारण 'आमचे पूर्वज मराठी, मग कागद उर्दूत कसा' हा प्रश्न हटकून येतो. १८३७ मध्ये कचेऱ्यांतून फारसी काढली आणि या प्रांतात तिची जागा फारसी लिपीतल्या उर्दूनं घेतली. नागरीत अर्ज द्यायची मुभा लेफ्टनंट गव्हर्नर मॅकडोनेलच्या एप्रिल १९०० च्या ठरावानं मिळाली, आणि त्यानंतरही उर्दू चालू राहिलीच. घरात मराठी बोलणारा, मोडीत हिशेब ठेवणारा माणूस कचेरीत उर्दूच वापरणार, दुसरा मार्ग नव्हता. सागरकडे हे वेगळं, तिथे मराठी आणि हिंदी कागद बरेच मिळतात.

तुमच्या कागदापुरतं पुढचं पाऊल असं. अर्ज झाशीच्या कलेक्टर कचेरीतल्या रेकॉर्ड रूमकडे करा, लखनौला नको. त्यात जिल्हा, तहसील गरौठा, परगणा गरौठा, मौजा, महाल, कागदावरचा नंबर आणि १२७८ फसली हे साल लिहा. इसवी साल कंसात द्या, पण फसली गाळू नका, कारण गठ्ठे फसलीप्रमाणेच बांधलेले असतात. मागणी खेवट आणि वाजिब-उल-अर्ज या दोहोंची, आणि आधीच्या बंदोबस्ताची खेवट उपलब्ध असल्यास तिचीही करा. मौज्याचं नाव उर्दूतून वाचताना नुक्ते (अक्षरांवरचे-खालचे ठिपके) चुकून 'ब' चा 'प' किंवा 'न' झालेला असतो. म्हणून आजच्या गरौठा तहसिलीची गावांची यादी समोर ठेवून दोन-तीन संभाव्य नावं अर्जातच द्या. नक्कल आली की तीत 'पुख्ता' की 'खाम' आणि अडीच बिस्व्यांपुढचं नाव कोणाचा मुलगा म्हणून लिहिलं आहे, हे दोन तपशील सर्वांत आधी वाचून घ्या.